ज्योतिषी वगळल्यानंतर

माझे वडील द्राक्षे खात नाहीत. याला वैद्यकीय कारण नाही. मी शाळेत असताना नाशिकरोडच्या बाजारात निफाडकडच्या एका विक्रेत्याने त्यांना आंबट द्राक्षे गोड म्हणून दिली, आणि भांडणाच्या भरात बाबा म्हणाले, "आजपासून द्राक्ष तोंडाला लावणार नाही." विक्रेता ते ऐकायला थांबलाही नव्हता, तो पुढच्या गिऱ्हाइकाचे वजन करत होता. पण आसपासच्या लोकांनी ऐकले होते, आणि बाबांच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. ज्या शहरात हंगामात चौकाचौकात द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या असतात, तिथे त्यांनी तेव्हापासून एक मणी खाल्लेला नाही. बेदाणा म्हणजे द्राक्षच, त्यातले फक्त पाणी गेलेले असते, हे मी रसायनशास्त्र शिकत असताना त्यांना उत्साहाने समजावून सांगितले. त्या दिवसापासून ते बेदाणेही खात नाहीत.

वैशाख पौर्णिमेला आमच्याकडे खीर होते. बाबा खिरीतले बेदाणे चमच्याने वाटीच्या कडेला लावतात, आणि शेजारी बसलेले देवरामकाका काही न बोलता ते आपल्या वाटीत ओढून घेतात. खिरीत बेदाणे न घालण्याचा साधा उपाय आईने कधी केला नाही. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "मग देवरामभाऊ काय खातील?"

माझे वडील भिकन आणि देवरामकाका हे लहानपणापासूनचे मित्र, दोघेही नांदगाव तालुक्यातले. एकाच भरतीत नोटांच्या प्रेसमध्ये लागले, एकाच यंत्रावर पाळ्या केल्या, एकाच कॉलनीत घरे बांधली आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. दोघांच्या स्वभावात मात्र फारसे साम्य नाही. काका बोलून विसरतात. बाबा बोलतात आणि पाळतात. विहाराचा स्लॅब पावसाळ्याआधी पडेल असे बाबा म्हणाले म्हणजे तो पडायचा, मग त्यासाठी सगळी कॉलनी रविवारी घमेली उचलत असे. लोक त्यांना मान देतात तो याच गुणासाठी, आणि टाळतात तेही बहुधा याच गुणासाठी.

आमच्या कॉलनीचे नाट्यमंडळ दर वैशाख पौर्णिमेला विहाराच्या पटांगणात नाटक करते. तिथे नटराजाची पूजा होत नाही, नारळ फुटत नाही. त्रिशरण-पंचशील होते, मग तिसरी घंटा, मग पडदा. नाटके देवरामकाका लिहितात. बाबा मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि नाटकात राजा असेल तर राजा तेच असतात. यंदा काकांनी आपले सर्वांत जुने नाटक काढायचे ठरवले. तरुणपणी त्यांनी वाचनालयात परदेशी शोकांतिकांवरचे एक व्याख्यान ऐकले होते, आणि त्या भारावलेल्या अवस्थेत हे नाटक लिहून त्याचे प्रयोगही केले होते. कथा सोपी आहे. दुष्काळात एक राजा फर्मान काढतो की धरणाचे दार जो उघडेल त्याला राज्याबाहेर घालवले जाईल. खालच्या गावाची तहान न बघवून त्याचाच मुलगा दार उघडतो. राजाला चूक दिसते, पण दिलेला शब्द तो मागे घेत नाही. मुलगा वाळवंटात मरतो. हे सगळे होणार असे पहिल्याच अंकात एक आंधळा ज्योतिषी सांगतो, आणि राजा त्याला दरबारातून हाकलून देतो. ज्योतिषी अर्थात देवरामकाका.

पहिल्या वाचनाच्या वेळी काका नव्या मुलांना समजावत होते, "राजा वाईट नाय. वाईट माणूस पडला तर आपण टाळ्या वाजवू. राजा चांगलाच आहे, पण त्याच्यात एक खोट आहे. आणि ज्या गुणानं तो मोठा झाला, तीच ती खोट." हे सांगताना ते बाबांकडे बघत नव्हते. बघण्याची आवश्यकता नव्हती.

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मंडळाच्या बैठकीतच झालेल्या त्या वाचनाला मी केवळ चहा देण्यासाठी गेले होते. तरीही ज्योतिषाच्या प्रवेशानंतर मी विचारले, "काका, याचं भाकीत शेवटी खरं ठरतं. म्हणजे पुढचं सगळं आधीच लिहिलेलं असतं, असं आपण विहाराच्या पटांगणातून सांगणार का?"

"अगं चैताली, शोकांतिकेत असतोच तो. त्याच्यावाचून नाटक उभं राहत नाही."

मंडळाचा सचिव राकेश राजपुत्राचे काम करणार होता. तो म्हणाला, "पण काका, गेल्याच महिन्यात आपण शाळेत भोंदूगिरीवर कार्यक्रम केला. तीच पोरं पहिल्या रांगेत बसणार. काय सांगू त्यांना?"

"सांग, की आमच्या सचिवाला नाटक कळत नाय."

लोक हसले. मीही हसले. त्यानंतर सर्वांनी अध्यक्षांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "पोरांचं बरोबर आहे. या पटांगणात ज्योतिषी उभा राहणार नाही."

इथवरचा निर्णय माझ्या मते योग्य होता आणि आजही योग्य आहे.

"मग मी पण नाय," काका म्हणाले.

"नाही तर नाही."

"भिकन, नाटक माझं आहे."

"मंडळ सगळ्यांचं आहे. ज्याला ज्योतिषी पाहिजे, त्यानं या रंगमंचावर पुन्हा पाऊल टाकू नये. हा माझा शब्द."

देवरामकाकांनी ज्योतिषाची काठी भिंतीला टेकवली, चप्पल घातली आणि ते निघून गेले. एक गोष्ट मला घरी आल्यावर, संहिता चाळताना कळली. "या दरबारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, हा माझा शब्द" हे पहिल्या अंकातले राजाचे वाक्य होते. बाबांनी मित्राला घालवले ते मित्राच्याच शब्दांत.

प्रयोग रद्द करण्याचा विषय निघाला नाही, कारण नाटक होणार असेही बाबा बोलून बसले होते. काकांनीही संहिता परत मागितली नाही. राकेशने विचारायला माणूस पाठवला तेव्हा ते म्हणाले, "करा. काय करायचं ते करा." रिकाम्या भूमिकेची जबाबदारी माझ्यावर आली, आक्षेप जिने घेतला तिने उपाय द्यावा, हे तत्त्व मला अमान्य करता येईना. प्रश्न असा होता की ज्योतिषी काढला तर राजाला इशारा देणार कोण आणि कशाच्या आधारावर. ताऱ्यांवरून सांगता येत नाही. पण माणूस पुढे काय करील हे त्याला पुष्कळ वर्षे पाहिलेल्या माणसाला सांगता येते. त्याला भाकीत म्हणत नाहीत, निरीक्षण म्हणतात. मी ज्योतिषाच्या जागी राजाचा बालमित्र आणला. तो म्हणतो, "राजा, मला भविष्य दिसत नाही. मला तू दिसतोस. चारचौघांत तू एकदा बोललास की ते बोलणं तुझा मालक होतं. हे फर्मान काढू नकोस, कारण ते मोडायची वेळ येईल आणि तुला ते मोडता येणार नाही."

हे लिहिण्यासाठी मला कल्पनाशक्ती लागली नाही.

बाबांनी ते पान वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे चांगलं लिहिलंयस. कोण करणार?"

"जो खरोखर बालमित्र आहे, त्यानं करावं."

"तू कर," असे म्हणून ते अंगणात कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेले होते.

मी ते काम करू लागले. माझ्या अभिनयाबद्दल राकेशचे मत असे होते की, "ताई, पाठांतर एकदम चोख आहे. फक्त राजाच्या पाण्यात क्षार किती आहेत ते सांगतेयस असं वाटतं." बाबा तालमीत जीव ओतत. मात्र दरबारातून घालवण्याच्या वाक्यापाशी आले की त्यांचा आवाज खाली जाई. राकेश म्हणे, "काका, जोरात." बाबा म्हणत, "प्रयोगाला बघू."

घरी त्यांचे जेवण कमी झाले होते. संध्याकाळी ते देवरामकाकांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत फिरायला जात आणि तिथून परत फिरत. शेवटी आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जाऊन सांगा ना त्यांना, की चुकलं म्हणून. तोंडाला काय होतं?"

"निर्णय चुकला नाही."

"निर्णयाचं कोण बोलतंय? हाकलून दिलंत ते."

बाबांनी ताट थोडे पुढे सरकवले. मग म्हणाले, "लता, बैठकीत बोललो ते स्वयंपाकघरात कसं मागे घ्यायचं?"

"मग बैठक बोलवा," मी म्हणाले.

"बैठक बोलावली की नोटीस काढावी लागते. नोटिशीत विषय लिहावा लागतो. विषय काय लिहू?"

ते चेष्टा करत नव्हते. अध्यक्ष म्हणून त्यांनी एकही बैठक विषयाशिवाय बोलावलेली नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. देवरामकाकांचे घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण बाबांच्या हातात ज्योतिषाची काठी होती आणि ती घेऊन कॉलनीतून चालणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. मला वाटले, काठी म्हणजे आमंत्रण आहे. बाबांनाही तसेच वाटत होते, हे नंतर कळले. आमच्या दोघांच्याही लक्षात एक गोष्ट आली नाही: माणसाने मागे ठेवलेली वस्तू आपण त्याच्या घरी नेऊन दिली, की तिचा अर्थ सहसा उलटा होतो.

कुसाकाकूंनी दार उघडले. "जय भीम, भाऊ. या. आज वाट चुकलात?" आणि त्या लगेच शिरा करायला आत गेल्या. देवरामकाका खुर्चीवर पेपर वाचत होते. बाबांनी काठी पुढे केली.

"तुझी काठी. विहारात पडून होती."

काकांनी पेपर खाली ठेवला. "एवढीच राहिली होती का माझी वस्तू तिथं?"

"एवढीच."

"बरं झालं आणलीस. आता हिशेब पुरा झाला."

बाबांना काही म्हणायचे होते. मी ते स्पष्ट पाहत होते. ओठ दोनदा हलले. शेवटी त्यांनी विचारले, "गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

शिरा आला. बाबांनी सवयीप्रमाणे बेदाणे बशीच्या कडेला लावले आणि बशी किंचित काकांच्या बाजूला सरकवली. काका स्वतःच्या बशीत बघून खात राहिले. कुसाकाकूंनी बशा उचलल्या तेव्हा ते बेदाणे कडेला तसेच होते. काकूंनी ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी चपला घालत असताना त्या हळूच म्हणाल्या, "चैताली, त्यांना ज्योतिषाचं काय नाय गं. ते म्हणतात, माझंच वाक्य माझ्यावर फेकलं त्यानं. दुसरं कुठलं पण बोलला असता तर चाललं असतं."

पौर्णिमेच्या संध्याकाळी पटांगण भरले. त्रिशरण-पंचशील झाले. पडद्याच्या फटीतून राकेशने पाहिले आणि तो म्हणाला, "देवरामकाका आलेत. दुसऱ्या रांगेत. काठी घेऊन बसलेत." त्याने जाऊन विचारलेही होते. काकांचे उत्तर असे होते की भिकन रंगमंचावर पाऊल टाकू नको म्हणाला होता, पटांगणाबद्दल काही बोलला नव्हता. शब्दाच्या बाबतीत दोघांचे स्वभाव मी समजत होते तितके वेगळे नव्हते.

पडदा उघडला. बाबा जरीच्या अंगरख्यात सिंहासनावर बसले होते, आणि खरे सांगायचे तर राजासारखे दिसत होते. फर्मान वाचून झाले. मी पुढे आले. "राजा, मला भविष्य दिसत नाही. मला तू दिसतोस." माझा स्वर नेहमीसारखाच सपाट लागला, तरीही "बोलणं तुझा मालक होतं" या वाक्याला पटांगणात खसखस पिकली. आमच्या कॉलनीला राजा ओळखू आला होता.

आता राजाने उठून मला दरबारातून घालवायचे होते. बाबा उठले. "या दरबारात," ते म्हणाले, आणि थांबले.

विंगेतून राकेशने वाक्य पुरवले. "पुन्हा पाऊल टाकू नकोस."

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून ते दुसऱ्या रांगेकडे पाहत होते.

"पुन्हा पाऊल टाकू नकोस, काका," राकेश जरा मोठ्याने म्हणाला. ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेले.

"ऐकू येतंय मला," बाबा विंगेकडे न बघता म्हणाले. मग मुकुट काढून त्यांनी सिंहासनावर ठेवला आणि ते रंगमंचाच्या कडेपर्यंत आले. "हे वाक्य मी यंदा एकदा बोललोय. नाटकात नाही, बैठकीत. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर मागे घेतो. ज्योतिषी नको म्हणालो, ते तसंच आहे. पण देवराम, तुला जा म्हणालो, ते चुकलं. तो शब्द मी मागे घेतो."

माझ्याकडे पुढचे वाक्य नव्हते. पहिल्या अंकात राजाने शब्द मागे घेतला तर काय करायचे, याची संहितेत काहीच तरतूद नव्हती; शोकांतिकेत ती नसतेच.

देवरामकाका उठले. काठी टेकत पहिल्या रांगेपर्यंत आले.

"भिकन, नाटक बुडवलंस."

"बुडवलं."

"राजानंच शब्द मागं घेतल्यावर पुढं मरायचं कुणी? तो राकेश तिकडं रंग फासून बसलाय."

लोक हसायला लागले. बाबांनी हात खाली केला. मंचाची उंची कमरेएवढी होती आणि काकांचा गुडघा खरोखर दुखत होता. वर यायला त्यांना बाबांचा हात आणि मागून दोघांचा आधार लागला. वर आल्यावर ते माझ्याकडे वळले.

"हा मित्र तू लिहिलास?"

"हो."

"ज्योतिषापेक्षा बरा आहे. हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं." मग त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून आपल्या खांद्यावर घेतली. "बोलतेस मात्र रिपोर्ट वाचल्यासारखी. जा, खाली बस. मी समोर बसून सगळं ऐकलंय." आणि प्रेक्षकांना म्हणाले, "मंडळी, चहा झाला असं समजा. नाटक पहिल्यापासून."

पडदा पडला, पुन्हा उघडला. मी देवरामकाकांच्या रिकाम्या खुर्चीवर, कुसाकाकूंच्या शेजारी बसले. यावेळी दरबारातून घालवण्याचे वाक्य बाबांनी असे उच्चारले की मागच्या रांगेतले लहान मूल रडायला लागले. काका काठी टेकत विंगेत गेले.

त्यानंतर जे झाले ते मी काळजीपूर्वक नोंदवते, कारण मला ते अपेक्षित नव्हते. कुसाकाकू सांगतात की हे नाटक पूर्वी झाले तेव्हा लोक ज्योतिषाचे बोल ऐकून सुस्कारे सोडत, आणि राजाची कीव करत. त्याच्या हातात काही नाही, हे त्यांना माहीत असे. यंदा त्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याच राजाला, त्याच जागी, शब्द मागे घेताना पाहिले होते. ते करता येते, हे आता सर्वांना ठाऊक होते. म्हणून तिसऱ्या अंकात राकेश हद्दपार होऊ लागला तेव्हा कोणी सुस्कारा सोडला नाही. पलीकडच्या रांगेतून एक बाई स्पष्ट म्हणाली, "अहो, घ्या ना मागे आता. मघाशी घेतला तसा." राजाने घेतला नाही. कुसाकाकूंनी माझा हात घट्ट धरला होता. शेवटचा पडदा पडला तेव्हा टाळ्या सुरू व्हायला बराच वेळ लागला.

नंतर आमच्या अंगणात खीर झाली. बाबांच्या कानामागे अजून रंग होता. ते आणि देवरामकाका नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसले होते, आणि तिसऱ्या अंकात राकेश मरायला फार वेळ लावतो यावर त्यांचे एकमत होत होते.

आईने वाट्या दिल्या. बाबांनी चमच्याने बेदाणे कडेला लावले. काकांनी ते उचलले नाहीत. मी माझा चमचा खाली ठेवला.

"भिकन," काका म्हणाले, "आज शब्द मागं घ्यायचा दिवस आहे. तो निफाडवाला कधीचा विसरला असेल. खाऊन टाक."

बाबांनी त्या बेदाण्यांकडे पाहिले. चांगले फुगलेले, दुधात भिजलेले होते. त्यांनी खरोखर विचार केला, असे मला वाटते. मग वाटी नेहमीसारखी काकांच्या बाजूला कलती केली.

"एका दिवसाला एक पुरे," ते म्हणाले.

काकांनी चमचा पुढे केला आणि बेदाणे आपल्या वाटीत ओढून घेतले.